तिसरा भाग येईपर्यंत

अझुमीने वाचून परत केलेलं पुस्तक कानो शहराच्या बाजारात एक दिवससुद्धा टोपलीत पडून राहत नसे. पुस्तकं भाड्याने देणारी बाई ते वेगळं काढून ठेवायची आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला हळूच सांगायची, "हे पेन्सिलीचं आहे." कारण पानांच्या कडेला अझुमीने बारीक अक्षरात आपल्या मनातलं लिहिलेलं असे. खाली नाव नसे. प्रेमाच्या नि जिन्नांच्या त्या पातळ पातळ पुस्तकांत एखादा राजपुत्र नायिकेच्या डोळ्यांवर भाळलेला असला की कडेला असायचं, "पाच पानांत तीनदा डोळ्यांची स्तुती केली. जेवलीस का, असं एकदाही विचारलं नाही." जिन्नांच्या घरी लग्न होऊन गेलेली मुलगी रडत असली की, "जिन्नांची असो की माणसांची, सासू ती सासूच." आणि एका पुस्तकात, नायक मरतो त्या पानावर, फक्त एवढंच, "आज वडे करपले."

घरात मात्र हे कोणालाच ठाऊक नव्हतं. घरात ती सगळ्यांची गोग्गो, म्हणजे घरातली वडीलधारी बाई. सकाळी दाराशी चूल मांडून ती चवळीचे वडे तळायची, आणि तिसऱ्या प्रहरी अस्रची नमाज झाली की अंगणात कडुनिंबाखाली चटई टाकून मोठ्याने पुस्तक वाचायची. ऐकायला तिची धाकटी जाऊ राकिया, राकियाची मुलगी सऊदे आणि शेजारच्या दोन-चार बाया. त्यांच्यातल्या कोणाला धड वाचता येत नव्हतं. सऊदे चार यत्ता शिकलेली, अक्षर लावत लावत वाचायची, पण पुस्तक ती सगळ्यांसारखं कानांनीच घ्यायची.

अझुमी स्वतः वाचायला शिकली ती तिशी उलटल्यावर. तिचा नवरा सबो लॉरीतून माल न्यायचा. बाजरीची कापणी झाल्यावर एकदा तो चाड सरोवराकडे निघाला. "येताना सुकी मासळी आणतो," म्हणाला. तो आला नाही. कोणी म्हणे लॉरी पेटली, कोणी म्हणे त्याला सीमेपलीकडे पाहिला, नवी बायको आहे, दोन मुलं आहेत. अझुमीला मूलबाळ नव्हतं. ती सबोच्या धाकट्या भावाच्या, मालम इनुवाच्या घरी राहिली. नवरा नाहीसा झालेल्या बाईने चार वर्षं थांबावं, मग काजी तिला मोकळं करतो, अशी शरियतची वाट आहे. चार वर्षं झाली तेव्हा इनुवा स्वतः मान खाली घालून म्हणाला होता, "वहिनी, काजीकडे जायचं का?" अझुमी म्हणाली, "त्याचं पत्र येईल." पत्र आलं तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको, म्हणून ती बायकांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकली. पत्र आलं नाही. हाताशी आलेली विद्या वाया जाऊ नये म्हणून ती गोष्टी वाचू लागली. सबोला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली होती.

त्या वर्षी नदीखालच्या शहराची गोष्ट आली. तीन भागांची. तसल्ला नावाच्या मुलीचा प्रियकर तांको जिन्नांनी पाण्याखाली नेला, आणि ती काठावर बसून राहिली. पहिला भाग संपला तेव्हा अंगणातल्या बाया हळहळल्या. सऊदे मात्र पांढरी पडली. तिचं ज्याच्यावर मन होतं तो बशारी वाळवंट ओलांडून लिबियाला गेला होता. त्याचा शेवटचा फोन येऊन अकरा महिने झाले होते.

दुसऱ्या भागात एक पान असं आलं की ते मोठ्याने वाचायचा अझुमीला धीर होईना. म्हातारा नावाडी जिन्न तसल्लाला सांगतो, खाली गेलेला परत येतो तो मासा होऊन, काठावरच्या माणसांना तो ओळखत नाही. समोर सऊदे गुडघ्यांना मिठी मारून बसलेली. अझुमीने दोन पानं एकदम उलटली आणि पुढून वाचायला घेतलं. बायांना कळलंसुद्धा नाही. सऊदेने सुस्कारा सोडला. "म्हणजे येणार तो," ती म्हणाली, "नावाडी काहीच वाईट बोलला नाही."

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करण्याआधी अझुमीने त्या पानाच्या कडेला लिहिलं, "हे मी वाचून दाखवलं नाही. अल्ला माफ करो." कोणाचं वाचन कोणाच्या हवाली असतं तेव्हा ती अमानत, विश्वासाने सोपवलेली ठेव असते, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

त्यानंतर आठ महिन्यांनी नुहूचं स्थळ आलं. नुहू टोप्यांवर भरतकाम करायचा. शांत, पाच वेळची नमाज न चुकवणारा, बोटं सुईने टोचून खडबडीत झालेला. त्याच्याकडची माणसं शुक्रवारी साखरपुड्याच्या कोलाच्या बिया घेऊन येतो म्हणाली. एकदा कोला घरोघरी वाटला की बोलणं पक्कं.

"तिसरा भाग येऊ दे, मग सांगते," सऊदे म्हणाली.

राकियाच्या हातातली पळी तशीच राहिली. "काय येऊ दे?"

"पुस्तकाचा तिसरा भाग. तांको परत आला तर मी थांबणार. नाही आला तर तुम्ही म्हणाल तिथे जाईन."

"ऐका हो, ऐका!" राकियाने नवऱ्याला हाक मारली. "तुमची लेक कागदावरच्या मुलीला विचारून लग्न करणार आहे! हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीय, आणि पळता तरी कुठे दिसतोय? या जाऊबाईंनीच नादी लावलंय तिला."

"मी काय केलं?" अझुमी म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

मालम इनुवा शांत माणूस. तो म्हणाला, "मुलीच्या तोंडून हो आल्याशिवाय मी कोला घेणार नाही. येऊ दे काय यायचं ते. नुहूकडच्यांना पुढच्या शुक्रवारी बोलावू."

तिसरा भाग सोमवारी बाजारात आला. अझुमीने तो दुपारी, सगळी पेंगत असताना, एकटीने वाचून काढला. तसल्ला सात वर्षं काठावर बसते. आठव्या वर्षी पाणी दुभंगतं आणि पांढऱ्या घोड्यावरून तांको येतो, जसा गेला तसाच, एक केस पिकलेला नाही. मग लग्न, मेंदी, ढोल. अझुमीने पुस्तक मिटलं. इतकी वर्षं तिने किती पुस्तकांवर हसून, रागावून, कडेला काय काय लिहिलं होतं. आज पेन्सिल उचलवेना. तिला संताप आला होता, आणि तो कोणावर आहे ते तिला कळेना.

पुस्तकाच्या मागे लेखिकेचा फोन नंबर छापलेला असतो, ही इथली पद्धतच आहे. वाचणाऱ्या बाया फोन करतात, भांडतात, रडतात. अझुमीने आजवर कधी केला नव्हता. आज केला.

"बोला बहिणाबाई," पलीकडून आवाज आला. मागे कुठेतरी मूल रडत होतं. "आवडला का शेवट?"

"तो खरंच परत येतो?"

बाई हसली. "मी आणला नव्हता हो. मी लिहिलं होतं की तसल्ला एक दिवस उठते, घरी जाते आणि वाफ्यात कांदा लावते. पण दुसरा भाग निघाला आणि फोन थांबेनात. सगळ्यांना तांको परत हवा. एक तर म्हणाली, नाही आणलात तर तुमचं पुस्तक चुलीत घालीन. मग आणला. तुम्ही पण त्यातल्याच का?"

"मी फोन केला नव्हता," अझुमी म्हणाली. "पण मी दोन पानं वाचायची गाळली होती."

"कोणाला वाचून दाखवताना?"

"माझ्या पुतणीला. ती तुमच्या पुस्तकावर आपलं लग्न ठरवतेय."

पलीकडे बाईने रडणाऱ्या मुलाला उगी केलं. मग बाई हलकेच म्हणाली, "या अल्ला. बहिणाबाई, तिला एवढं सांगा की हे मी स्वयंपाक करता करता लिहिते."

अझुमी बाजारात गेली आणि दुसरा भाग पुन्हा भाड्याने घेऊन आली. तिसऱ्या भागाचं शेवटचं पान अर्धं कोरं होतं. त्यावर तिने लिहायला घेतलं, आणि या वेळी अक्षर बारीक काढलं नाही.

मंगळवारी अस्रनंतर अंगण भरलं. आज शेजारच्याही जास्त आल्या होत्या, निकाल ऐकायला आल्यासारख्या. अझुमीने छापलेलं सगळं वाचलं, एक शब्दसुद्धा न गाळता. पाणी दुभंगलं, घोडा आला, बाया आनंदाने चीत्कारल्या. सऊदे उभी राहिली. तिचा चेहरा असा उजळला होता की अझुमीला तिच्याकडे बघवेना.

"आई, ऐकलंस ना? तुझ्या कानांनी ऐकलंस ना?"

राकियाने कपाळावर हात मारला. "ऐकलं बाई. आता घोड्याला गवत कापायला जा."

"सऊदे, बस खाली," अझुमी म्हणाली. "अजून संपलं नाही."

तिने दुसरा भाग काढला आणि ती गाळलेली दोन पानं वाचली. नावाड्याचं बोलणं, माशाचं बोलणं. मग कडेला स्वतः लिहिलेलं वाचलं, हे मी वाचून दाखवलं नाही, अल्ला माफ करो. मग तिने तिसऱ्या भागाचं शेवटचं पान उघडलं आणि आपलं अक्षर वाचू लागली.

"सात वर्षांत तसल्लाची दाढ एकदाही दुखली नाही. तिचे केस गळले नाहीत. मी एकोणीस वर्षं थांबले. पहिली चार शरियतची होती. पुढची पंधरा माझ्या हट्टाची. मी त्याला प्रेम म्हणत होते. सबोचा चेहरा मला आता आठवत नाही, लॉरीचा रंग आठवतो, हिरवा. तो मेला असला तर मी त्याच्यासाठी एकदाही धड दुवा मागितली नाही, कारण मेलेल्यासाठीची दुवा मागितली असती तर तो मेला असता. हे पुस्तक चांगलं आहे. पण हे पाणी कोणासाठी दुभंगेल, हे पुस्तकाला ठाऊक नाही."

राकियाने ओढणीने तोंड झाकलं. एकोणीस वर्षं एका चुलीवर जेवलेल्या त्या दोघी, पण हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

सऊदे मात्र रडली नाही. "तुम्ही मला खोटं वाचून दाखवलंत," ती म्हणाली.

"हो."

"आठ महिने मी त्या नावाड्याच्या भरवशावर होते."

"हो. माझं चुकलं. माफी मागते."

सऊदे उठून आत गेली. बुधवारी ती चटईवर आली नाही. अझुमीनेही पुस्तक उघडलं नाही.

गुरुवारी सकाळी वडे तळताना सऊदे येऊन चुलीपाशी बसली. बराच वेळ ती पिठात पळी फिरवत राहिली.

"नुहूला आज घरी बोलवा," ती म्हणाली. "बाबांच्या समोर मी त्याला बशारीचं सगळं सांगणार. ऐकून घेतलं तर उद्या माणसं येऊ देत."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर कोला त्यालाच चघळू दे."

अझुमी हसली. सऊदे नाही हसली. तिने एक वडा तेलातून काढला, फुंकर घातली आणि अझुमीच्या हातावर ठेवला. "आणि तुम्ही, गोग्गो? तुमची चार वर्षं कधीच झाली की."

नुहूने ऐकून घेतलं. संपूर्ण वेळ तो आपल्या खडबडीत बोटांकडे बघत होता, आणि शेवटी एवढंच म्हणाला, "त्याची काही खबर आली तर मलाही सांगा. मीही दुवा मागेन." शुक्रवारी कोला वाटला गेला.

पुढच्या आठवड्यात अझुमी इनुवाला घेऊन काजीकडे गेली. काजी म्हातारा होता. त्याने कागद पाहिले, साक्षी घेतल्या आणि विचारलं, "इतका उशीर का केलास, बाई?" अझुमी म्हणाली, "मी वाचत होते." त्याला काही कळलं नाही, पण त्याने तिला विधवा म्हणून इद्दत पाळायला सांगितलं. चार महिने दहा दिवस. सुरमा नाही, मेंदी नाही, साधे कपडे, घराबाहेर पाऊल नाही. सऊदेचं लग्न त्यानंतरच धरलं. वड्यांची चूल राकिया सांभाळू लागली. तिचे वडे कडक व्हायचे आणि गिऱ्हाईक कुरकुरायचं.

बाजारात जायचं नाही, म्हणून पुस्तकं सऊदे आणू लागली. आणि अस्रनंतर वाचायलाही तीच बसू लागली, अक्षर लावत, अडखळत, एका पानाला अझुमीच्या तीन पानांइतका वेळ लावत. बाया कंटाळून पेंगायच्या.

एके दिवशी ती मध्येच थांबली. पान पुढे-मागे करून तिने अझुमीकडे पाहिलं.

"गोग्गो, हे वाचू का?"

"छापलंय ते सगळं वाच."

सऊदेने वाचलं. एक म्हातारी बाई नवऱ्याच्या कबरीवर पाणी शिंपडते, एवढंच होतं. गोष्टीत त्याला काही महत्त्वसुद्धा नव्हतं. अझुमी भिंतीला टेकून ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांना धार लागली. तिने ती पुसली नाही. तिने हात उघडे करून समोर धरले, आणि सबोचं नाव घेऊन, मेलेल्यासाठी मागतात ती दुवा मागितली.

सऊदेने पानात बोट ठेवलं आणि तिचं संपेपर्यंत थांबून राहिली.