थोरल्या साडूंची फुंकणी

आमच्या थोरल्या साडूंइतका सरळ माणूस सातारा-सांगलीच्या मुलखात दुसरा झाला नसेल. आणि सरळ माणसाचं वाटोळं करायला जवळचा नातेवाईकच लागतो, हे मी स्वानुभवानं सांगतो. साडू मूळचे साताऱ्याचे. पलटणीच्या वर्कशॉपात मोटारी दुरुस्त करता करता पायाला इजा झाली, म्हणून लढाई ऐन भरात असताना घरी आले, ते डोक्यात एकच खूळ घेऊन. एका यंत्राचा भाग दुसऱ्याला बसलाच पाहिजे! सांगलीत शेतीची ऑइल इंजिनं करणारा एक कारखाना होता. तिथं ते मुख्य मिस्त्री झाले आणि नकाशे काढायला मला चिकटवून घेतलं. म्हणजे माझ्या ताटातली भाकरीसुद्धा त्यांचीच.

लोकांच्या खिशात तपकिरीची डबी असते, यांच्या खिशात आटे मोजायची पट्टी. औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो, तर हात जोडायच्या आधी यांनी घंटेच्या बोल्टाला पट्टी लावली आणि पुढच्या मंगळवारी कारखान्यातला नट घेऊन पुन्हा हजर! पुजारी अंगावर धावला, तेव्हा म्हणाले, "अहो गुरुजी, देवीला तरी वेगळे आटे कशाला?" आमच्या गल्लीतल्या सात घरांना त्यांनी एकाच किल्लीची सात कुलपं आणून दिली. एकाची किल्ली हरवली तर शेजाऱ्याची चालावी, हा हेतू. बायकांनी चोराची भीती घातली, तर म्हणे, "चोराला किल्ली लागते कुठं? किल्ली लागते ती आपल्यासारख्यांना." बारा वर्षांच्या आणि आठ वर्षांच्या मुलांना त्यांनी मधलं माप काढून सारखेच सदरे शिवले. थोरल्याची बेंबी दिसायची, धाकट्याचे गुडघे झाकायचे. ताई, म्हणजे माझी मेहुणी, कपाळाला हात लावून म्हणायची, "नशीब, मला आणि सासूबाईंना एकाच मापाची चोळी नाही शिवली!"

पण कारखान्यात हे खूळ शहाणपणाचं ठरलं होतं. त्यांनी आखलेलं पाच घोड्यांचं इंजिन गावोगाव पाणी उपसत होतं आणि एकाचा पिस्टन दुसऱ्याला डोळे मिटून बसत होता. मालकांना आता आठाचं आणि बाराचं इंजिन काढायचं होतं, तेही सगळे भाग निराळे ठेवून. कारण उघड होतं. इंजिन एकदाच विकलं जातं, सुटे भाग जन्मभर. साडूंनी हट्ट धरला, की पाचाचंच इंजिन ठेवा. धुराड्यातनं वाया जाणाऱ्या धुरानं एक चाती, म्हणजे पात्यांचं चाक, फिरवायची आणि त्या चातीनं आत जादा हवा कोंबायची, की तेच इंजिन आठाचं काम करील. लढाईत एका पडलेल्या विमानावर त्यांनी ही करामत पाहिली होती. तिला ते फुंकणी म्हणत. "चूल तीच, लाकडं थोडी जास्त, फुंकर मोठी," असं ते मला समजावत. मालकांनी शब्द दिला, की मुंबईचे भागीदार येतील त्या दिवशी हे इंजिन चालवून दाखवा; चाललं तर पुढची सगळी इंजिनं तुमच्याच मापानं करू.

आणि ते चाललं हो! एका दुपारी तीन तास चाललं. माझ्या डोळ्यांदेखत आठ घोडे ओढले त्यानं. साडू लहान पोरासारखे नाचले.

भागीदार यायला पंधरा दिवस होते. दुसऱ्याच दिवशी मिरजेकडचा एक जैन शेतकरी दारात येऊन उभा राहिला. "आवं सायेब, पिस्टन फुटलाय. पानमळा करपाय लागलाय. चार दिसांत पानी न्हाई मिळालं तर समदे येल जातील बघा." सरकारी कंट्रोलमुळं कोळसा नव्हता, भट्टी बंद, नवा पिस्टन ओतायचा कशात? साडूंनी आपल्या इंजिनाचा पिस्टन काढून त्याच्या हातावर ठेवला. मी ओरडलो, "अहो, काय करताय?" तर म्हणाले, "बसतोय ना त्याला? मग झालं!" ही बातमी लपते होय? मग कुणी रिंगा नेल्या, कुणी पंप, कुणी व्हॉल्व्ह. "गड्या, सांगलीला जा, तिथल्या इंजनाचं कायबी बसतंय," असं बाजारात लोक एकमेकांना सांगायला लागले. भट्टी काही पेटली नाही. भागीदार आले तेव्हा ओट्यावर नुसता सांगाडा होता आणि त्याच्यावर ती फुंकणी. तेवढी कुणी नेली नव्हती, कारण तसली दुसऱ्या कुणाकडं नव्हतीच.

साडू छाती काढून म्हणाले, "याचे भाग नऊ गावांत चालू आहेत, साहेब. आणखी कसला पुरावा हवा?" मालक पोट धरून हसले. भागीदार मात्र हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "हे चाललेलं तुम्ही पाहिलंत?"

मालक माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "मी त्या वेळी जेवायला गेलो होतो."

 आठवड्यानं साडूंनी नोकरी सोडली आणि साताऱ्याच्या मोटारस्टँडजवळ दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी मुख्य नकाशेवाला झालो. आठाचं आणि बाराचं इंजिन मीच आखलं, एकाचा बोल्ट दुसऱ्याला लागू नये अशा बेतानं. पगार वाढला. 

वर्षा-दीड वर्षानं मी साताऱ्याला गेलो. दोन्ही हात तेलानं माखलेले, तरी "या, या साडू!" करून त्यांनी मला बाकावर बसवलं आणि चहा सांगितला.  मी म्हटलं, "त्या दिवशी मी जेवायला गेलो नव्हतो."

"ठाऊक आहे की," ते म्हणाले. "आपण दोघं तिथंच, इंजिनापाशी उभ्यानं जेवलो. हिनं धपाटे दिले होते. चार तुम्हीच खाल्लेत."

एवढंच बोलून ते परत गाडीखाली शिरले. शिव्या हासडल्या असत्या, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मी मोकळा होऊन परत आलो असतो. बशीतला चहा निवून गेला, तरी मी आपला बाकावरच बसून होतो.