लायब्ररीच्या दारातले फौजी

गडमुडशिंगीच्या पारूबाईचा प्रसेनजीत फौजेतनं रिटायर होऊन आला आणि भरघोस मिशांसकट कॉलेजात जाऊन बसला. पोरं वयानं निम्मी. हजेरीला नाव आलं की हा ताडकन उभा राहून असा "हाजिर सर!" ठोकायचा, की शेजारच्या वर्गातले मास्तर दचकायचे. पण बी.ए. व्हायचं हे त्यानं बर्फात पहारा करतानाच ठरवलेलं. त्यात सरकारनं माजी सैनिकांची सरकारी कॉलेजातली फी माफ केली. मग काय, सोन्याहून पिवळं.

माफी सरकारनं दिली, पण तिची भरपाई काही धाडली नाही. दान सरकारचं आणि पीठ कॉलेजच्या डब्यातलं! डबा खरवडायची वेळ आली तसा प्रिन्सिपल साहेबांनी लायब्ररीतला संध्याकाळचा माणूस कमी केला. दिवेलागणीलाच कुलूप पडायला लागलं.

वर्गात श्रुती म्हणून एक पोरगी होती. घरी एकच खोली, त्यात सगळं खटलं, वर टीव्ही. तिचा अभ्यास व्हायचा तो लायब्ररीतच. तिनं प्रसेनजीतला जिन्यात गाठलं.

"काका, फी तुमची माफ झाली आन् अभ्यास आमचा बुडाला. पेन्शन हाय की तुम्हाला!"

पोरगी खरंच बोलली होती. तेच डोक्यात घेऊन प्रसेनजीत घरी गेला.

घरी पारूबाई भाकरी थापत होती. "आई, मी फी भरूनच टाकतो," तो म्हणाला.

"भर की. आन् तुज्या भाऊसोनं काय करायचं?"

भाऊसो त्याच्याच पलटणीतला, आता त्याच्याच वर्गातला. गुडघा निकामी झाला म्हणून लवकर घरी आलेला, पेन्शन नावापुरती. प्रसेनजीतनं ऐटीत फी भरली, तर उद्या लोक भाऊसोकडं बोट दाखवणार की, तो बघा फुकट्या.

"फुकटाचं, सवलतीचं, हे आपुन जल्मभर ऐकलंय," पारूबाई म्हणाली. "पर मान खाली घालून न्हाय ऐकलं. हक्काचं सोडू नगंस. आन् त्या पोरीचं बी बुडवू नगंस."

आता ही दोन्ही टोकं जुळवायची कशी? ताटातली भाकरी गार झाली. मग एकदम तो मिशीत हसला.

सकाळी भाऊसोला घेऊन साहेबांपुढं उभा. "सर, संध्याकाळचा पहारा आम्ही देतो, पाळीपाळीनं. लायब्ररी जेवणवेळेपर्यंत उघडी ठेवा."

"आणि पुस्तकं गेली तर?"

"सर, आम्ही दारूगोळा राखलाय. पुस्तकं तर गुमान रांगेत उभी असत्यात."

साहेब हसले नाहीत. "महिनाभर बघू. कार्ड नसेल त्याला आत सोडायचं नाही. एक पुस्तक गेलं, की कुलूप कायमचं."

दारात स्टूल आलं. पोरं आधी टिंगल करायची, "काका, बंदूक कुठं ठेवलीया?" पण आत कुजबुज झाली की भाऊसो बाहेरनं असा खाकरायचा, की पोरं निमूट पुस्तकात तोंड घालायची.

महिना सरत आला आणि साहेब स्वतःच तपासायला आले. प्रसेनजीत दारात आडवा.

"कार्ड, सर."

"अहो, मी प्रिन्सिपल!"

"व्हय सर, वळखतो की. पर कार्ड?"

आत पानं उलटायची थांबली. श्रुतीनं डोळेच मिटून घेतले. साहेब लालबुंद होऊन तरातरा निघून गेले.

"मेलास लेका," भाऊसो पुटपुटला. "लायब्ररी गेली, आन् तुजी बी.ए. बी गेली!"

पण साहेब परत आले. गळ्यात कार्ड. प्रसेनजीतनं फोटो बघितला, तोंड बघितलं, आणि मग असा सॅल्यूट ठोकला की खिडक्या वाजल्या. साहेबांनी एकेक कपाट पालथं घातलं. सगळी पुस्तकं जागच्या जागी. त्यांनी लायब्ररीची किल्ली प्रसेनजीतच्या हातावर ठेवली.

"ही तुमच्याकडंच असू द्या. लायब्ररी उघडी राहणार. आणि संध्याकाळच्या माणसाचा पगार निघेल एवढी भरपाई सरकारकडनं मागतोय मी. अर्जाखाली पोरांच्याही सह्या पाहिजेत."

पहिली उठली ती श्रुती. "आन् सर, काकांची फी माफच राहू दे, हे बी लिवा!"

असा गलका उठला, की भाऊसोच्या खाकरण्याला कुणी भीक घातली नाही. श्रुतीनं शेजारची खुर्ची ओढली.

"या काका, बसा. पहारा भाऊसो काका बघतील. परीक्षा तुमची बी हाय न्हवं?"