कंपनीची भाकरी

निडी गावचा विठू रोह्याला रंगाच्या कंपनीत लागला, तेव्हा पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं गेला. डबा विसरला नव्हता, नेलाच नव्हता. बायको सरू भाकऱ्या थापायला बसली तर हाच म्हणाला, "कशाला गो? काम कंपनीचं, तर कंपनी घालील." त्यांच्याकडं लावणीला माणसं एकमेकांच्या शेतात जातात ती अशीच. ज्याच्या चिखलात पाय घालायचे, दुपारची भाकरी त्याच्या घरून बांधावर येते. कधी वालाची उसळ, कधी नुसती सुकट. घरून फडक्यात भाकरी बांधून दुसऱ्याच्या शेतात उतरायचं म्हणजे त्या घराचा अपमान.

दुपारचा भोंगा झाला. कुणी पिंपाच्या आडोशाला, कुणी गोणीवर डबे उघडून बसलं. विठू हात धुऊन शेडच्या दारात उभा राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी युनियनचा पोपट, पर्मनंट माणूस, तोंडातला घास गिळून म्हणाला, "काय रं, कुनाची वाट बघतंस?"

"भाकरी कवा येते?"

"कुनाची भाकरी?"

"कंपनीची."

शेडमध्ये हसू फुटलं ते आवरेना. "पाव्हणा आलाय रं! पाट मांडा, रांगोळी काढा!" हसून झाल्यावर पोपटनं आपली अर्धी भाकरी पुढं केली. विठूनं घेतली नाही. मालकाची खायला तो तयार होता, पोपटच्या घासातली नव्हे. पाच वाजेपर्यंत त्यानं नुसत्या पाण्यावर पिंपं ढकलली आणि दुसऱ्या दिवसापासून डबा न्यायला लागला.

त्यानंतर रोह्याची रेल्वे सुरू झाली. विठू निडीला गाडीत चढायचा. त्याच डब्यात पेणहून दामोदर मास्तर यायचे. रोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. अंगावर इस्त्रीचा सदरा, मांडीवर फाटका शब्दकोश. घरच्या जमिनी कधीच गेलेल्या, पण बोलणं जमीनदारासारखं ऐसपैस. शब्द कुठून आला हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही, आणि गाडीत ऐकून घेणारा एकटा विठूच.

"कुठं असतोस कामाला?" त्यांनी एकदा विचारलं.

"कंपनीत."

"शब्द कुणाचा, ठाऊक आहे?"

"सायबाचा. दुसऱ्या कुनाचा?"

"साहेबानं फ्रेंचाकडून उचलला, फ्रेंचाला लॅटिनातून मिळाला. कॉम म्हणजे बरोबर. पानिस म्हणजे भाकरी. आपण पाव म्हणतो ना, तो पोर्तुगीजांनी आणला, त्याचंही मूळ हेच. एका भाकरीला बसणारे ते सोबती, आणि अशा सोबत्यांचा मेळा ती कंपनी. मग सैन्याची तुकडी कंपनी झाली, व्यापाऱ्यांचा गट कंपनी झाला, आपल्याकडं कंपनी सरकार आलं, नाटक कंपन्या आल्या. भाकरी मागं राहिली, नाव पुढं गेलं."

रोह्याला उतरताना विठू म्हणाला, "मास्तर, मंग मी चुकलो नव्हतो."

"कशात?"

"सांगन कवातरी."

त्या आठवड्यात पोपट युनियनचं मागणीपत्र लिहीत होता. विठूनं त्याला गाठून सांगितलं, कँटीन मागा. विठूला आता फुकट भाकरी नको होती. बसून खायला जागा हवी होती, आणि आपण या कंपनीची माणसं आहोत असं कुणीतरी कागदावर लिहायला हवं होतं. तो ठेकेदाराचा माणूस. कंपनीच्या हजेरीबुकात त्याचं नाव नव्हतं.

"लॅटिनात म्हंजे कुठं? मुरुडच्या फुडं?" सगळी हकिगत ऐकून पोपट म्हणाला. पण मागणी लिहिली, शेवटी, अकराव्या नंबरला. मॅनेजरनं ती वाचून सांगितलं, "अडीचशेच्या वर कामगार असले तर कँटीन. आमच्याकडं एकशे चाळीस आहेत. कंपनीचा अर्थ कायद्यात बघायचा, शब्दकोशात नव्हे."

विठूनं ते जसंच्या तसं मास्तरांना सांगितलं. मास्तरांना राग आला तो शब्दकोशाच्या अपमानाचा. दोन दिवसांनी ते कायद्याचं पुस्तक घेऊनच गाडीत चढले. "इथं बघ. ठेकेदारामार्फत आलेला माणूससुद्धा कामगारच धरलाय. तुम्ही किती?"

"एकशे तीस."

"मग मिळून दोनशे सत्तर झाले की!"

मास्तरांनी अर्ज लिहिला, पोपटनं सही केली. महिना गेला आणि सरकारी इन्स्पेक्टर येणार म्हणून कळलं. आदल्या दिवशी ठेकेदारानं आपल्या माणसांना गोळा करून सांगितलं, "उद्या सुट्टी. जो गेटजवळ दिसंल त्याला परवापासून काम नाय."

विठू संध्याकाळी घरी येऊन पडवीत बसला. सरूला सगळं सांगितलं. काम गेलं तर घरात नुसतं पावसाळी भात उरायचं, हे तिलाही कळत होतं.

"बाकीचे जानार हायत?"

"कोन जानं. मान हालवली सगल्यांनी. मान हालवायला काय जातंय."

"तू?"

"जातो म्हनतंय."

"मंग भाकऱ्या किती करू ते सांग की, तोंड काय बघतंस!"

दुसऱ्या दिवशी तो गेटसमोरच्या गटाराच्या कठड्यावर जाऊन बसला, तेव्हा एकटा होता. वॉचमन म्हणाला, "घरी जा बाबा." विठू बसून राहिला. साडेअकराला निडीचेच तिघं आले. मग नागोठण्याकडचा एक घोळका आला. बारापर्यंत रस्त्याची एक बाजू भरली. किती आले हे विठूनं मोजलं नाही. मोजण्याचा त्याला धीर नव्हता.

भोंगा झाला आणि सगळ्यांनी डबे उघडले. आतून पोपट आला, मागं पर्मनंटची रांग. "सरक रं," म्हणून तो विठूशेजारी बसला आणि न विचारता त्याच्या डब्यातली चटणी घेतली.

इन्स्पेक्टर जीपकडं निघाला होता, तो थांबला. "ही माणसं कोण?"

मॅनेजर म्हणाला, "बाहेरची आहेत. रस्त्यावर कुणीही बसतं."

इन्स्पेक्टरनं विठूला विचारलं, "तू कुठं काम करतोस?"

"हितंच, सायेब."

"कशावरून?"

विठूनं भाकरी डब्यात ठेवली आणि हात पुढं केले. कोपरापर्यंत पिवळे, नखांच्या कडा लाल. शेजाऱ्यानं केले. त्याच्या शेजाऱ्यानं केले. इन्स्पेक्टर रांगेच्या टोकापर्यंत गेला, हात बघत, हजेरीबुकात नाव आहे का विचारत, वहीत खुणा करत. परत आल्यावर त्यानं मॅनेजरला फक्त आकडा वाचून दाखवला. ठेकेदाराची एकशे सतरा माणसं. आतली एकशे चाळीस धरून दोनशे सत्तावन्न.

ठेकेदाराला सगळ्यांना काढून चालणार नव्हतं, तरी त्यानं शब्द पाळला. विठूसकट अकरा जणांना काढलं. बावीस दिवस ते घरी होते. पोपटनं काम बंद पाडायची नोटीस दिली, तेव्हा परत घेतले. कँटीन उभं राहायला आणखी चौदा महिने लागले. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची बाकं. पर्मनंट आणि ठेक्याचे एकाच रांगेत.

विठू तिथं एकोणीस वर्षं जेवला. कँटीनवाल्याला तो नकोसा झाला होता. भात चिवट, आमटीत डाळ शोधावी लागते, भाकरी कडेला कच्ची, असं तो रोज मोठ्यानं सांगायचा. कंपनीच्या तक्रारवहीत सर्वांत जास्त नोंदी त्याच्याच आहेत, आणि प्रत्येकीखाली सही आहे.