छकुली हसायला लागली

न्हावी गप्प राहिला की गिऱ्हाईक पेंगतं, असं त्याचं ठाम मत होतं. त्याच्या दुकानात मात्र आजवर कोणी पेंगलं नव्हतं. सगळे त्याला गप्पूभाऊ म्हणत. वस्तरा चालायचा तितकंच तोंडही चालायचं. कोणाच्या घरी आजारपण निघालं की तो हात थांबवून म्हणायचा, "काळजी करू नका, मी प्रार्थना करतो." आणि खरंच करायचा. चर्चमधली बुधवारची प्रार्थनासभा तोच चालवत असे.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर बायकोला दिवस गेले, तेव्हा ती बातमी त्यानं झाडून सगळ्यांना सांगितली. "देवानं ऐकलं बघा!" हे वाक्य त्या महिन्यांत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मानेवर फेसाबरोबर पडलं असेल. मुलगी झाली त्या दिवशी दुकानात येईल त्याचं त्यानं तोंड गोड केलं.

दुसऱ्या दिवशी बाळाला श्वास पुरेना. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पाळकसाहेबांनी दवाखान्यातच कापसाच्या बोळ्यानं पाणी लावून बाप्तिस्मा दिला. गप्पूभाऊ बाहेरच्या बाकापाशी गुडघे टेकून मोठ्यानं प्रार्थना करत होता. नर्सनं दोनदा हळू बोलायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी छकुली गेली. बायको टाक्यांमुळे उठू शकत नव्हती. कबरस्तानात तो एकटाच शवपेटी घेऊन चालला. इतकी लहान पेटी, की दुसऱ्या कोणाला हात लावायला जागाच नव्हती.

आठवड्यानं त्यानं दुकान उघडलं. गिऱ्हाइकं राहायची दुकानाच्या पेठेत; त्याचं घर आणि चर्चची माणसं दुसरीकडे. त्यामुळे इकडे कोणाच्या कानावर काही गेलं नव्हतं. पहिले आले ते निवृत्त पोस्टमास्तर. गालाला साबण लावून घेत त्यांनी विचारलं, "काय गप्पूभाऊ, लेक काय म्हणते?"

वस्तरा त्यांच्या गळ्यावर होता. "मजेत आहे," तो म्हणाला.

दाढी झाल्यावर खरं सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं. पण दाढी झाली, पोस्टमास्तर "देव मोठा आहे" म्हणून पाठीवर थाप मारून गेले आणि सांगायचं राहिलं. दुपारी दुसऱ्यानं विचारलं. पहिल्याला एक आणि दुसऱ्याला दुसरं कसं सांगणार? मग खोट्याला हातपाय फुटले. छकुली रात्रभर जागवते. छकुली बापाचा आवाज ओळखते. सहाव्या आठवड्यात त्यानं सांगून टाकलं, "हसायला लागली हो!"

घरी जाताना त्याला चोरासारखं वाटायचं. बायको खिडकीशी पाठमोरी बसलेली असायची; तो नुसता हातपाय धुवून जेवायला बसायचा. बुधवारच्या सभेला घसा बसल्याचं निमित्त करून मागच्या बाकावर बसायचा. पण खरी लाजेची गोष्ट वेगळीच होती. सकाळी दुकान उघडताना तो वाट बघायचा, की आज कोणीतरी तिच्याबद्दल विचारावं. खुर्चीमागे उभं राहून तो बोलत असे, तेवढा वेळ ती जिवंत असायची.

मग पोस्टमास्तरांनी एक पुडी आणून दिली. त्यांच्या बायकोनं विणलेला पिवळा स्वेटर. गप्पूभाऊनं तो हातात घेतला, "छान होईल तिला," असंही म्हणाला. नंतर धुतलेल्या टॉवेलांच्या खाली दडवला.

चार दिवसांनी बायको शिंप्याकडच्या काज-बटणांच्या कामावर पुन्हा जाऊ लागली. वाटेत, दुकानाच्या पेठेत, पोस्टमास्तरांच्या बायकोनं तिला गाठलं. "अगं, स्वेटर बसला का? आणि हसायला लागली म्हणे लबाड!"

ती तशीच दुकानात आली. एकाची अर्धी दाढी व्हायची होती. ती बाकावर बसून राहिली. गिऱ्हाईक जाईपर्यंत गप्पूभाऊचा हात कसा चालला, त्याचं त्यालाच ठाऊक.

"छकुली हसायला लागली म्हणे," ती म्हणाली.

तो खाली फरशीवर, कापलेल्या केसांतच बसला. आता ही बोलेल, शिव्या देईल, द्याव्यातच, असं त्याला वाटलं.

"कशी दिसते हो हसताना?" तिनं विचारलं. "मी तिचे डोळे एकदाच उघडलेले पाहिले. तुम्ही दीड महिना तिला इथे वाढवलंत. मी तिकडे रिकाम्या घरात भिंती बघत होते. मला एकदाही नाही सांगितलंत, आज तिनं काय केलं ते."

तो म्हणाला, "लोक हसले असते गं. म्हणाले असते, एवढा देव देव करत होता..."

"देवाची अब्रू राखत होतात?"

"नाही," तो म्हणाला. "माझीच."

ती उठून त्याच्याजवळ खाली बसली. त्यानं सांगितलं: एका गालाला खळी पडते. तिनं विचारलं, कुठल्या? मग दोघंही रडले, दुकानाचं दार सताड उघडं असताना.

त्याच संध्याकाळी दोघं पोस्टमास्तरांकडे स्वेटर परत करायला गेली. ऐकल्यावर त्यांची बायको पदर तोंडाला लावून आत गेली. पोस्टमास्तर मात्र दारातच उभे राहिले. "मी आमच्या नातवंडांना सांगत होतो तिच्याबद्दल," एवढंच म्हणाले. पुढे महिनाभर ते दाढीला आले नाहीत. बाकीच्यांना त्यानं एकेकाला आरशात बघून सांगितलं. कोणी खांद्यावर हात ठेवला, कोणी ओशाळून पेपर वर धरला, एकजण उठूनच गेला.

बुधवारी तो सभेत पुढे उभा राहिला. "देवानं ऐकलं, असं मी तुम्हाला नेहमी सांगत आलो," तो म्हणाला. "या वेळी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. माझा राग आहे त्याच्यावर. पण लेकीच्या नावानं खोटं मी बोललो, ते त्याच्या माथी मारणार नाही." पुढे प्रार्थना करायला त्यानं डोळे मिटले, पण शब्दच फुटेना. सगळे थांबले. शेवटी बायको मागून "आमेन" म्हणाली आणि सभा संपली.

सभा आता तो चालवत नाही. जातो, मधल्या बाकावर बसतो, जमलं तर गातो. दुकानात बोलणं कमी झालंय. हल्ली एखादं गिऱ्हाईक पेंगतंही. नवीन कोणी विचारतं, "मुलंबाळं किती?" तेव्हा त्याचे कान अजून तापतात.

"एक मुलगी झाली होती," तो सांगतो. "तीन दिवसांची होऊन गेली."

आणि मान जरा खाली करायला सांगतो.