धवल्यातला श्वास

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या सासरी, तळा गावच्या बाजारात बोंबील निवडत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, हे गेले." मला आधी रडू आलं नाही, राग आला. फुप्फुसं साथ देत नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्याला तर होतंच. पण इतकी रुखरुख उराशी घेऊन माणसाने जावं का? आता महिना उलटून गेला, तरी तो राग उतरलेला नाही आणि काढावा कुणावर तेही कळत नाही...

माझा दादा, चंद्रकांत, किहीमजवळच्या आमच्या गावचा साऊंडवाला. हळद असो, साखरपुडा असो, भोंगे त्याचेच. आणि आमची आई धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात पूर्वी धवलारणीचा मोठा मान. लग्नाचा एकेक विधी ती धवला, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन लावायची आणि मागे बसलेली दुसरी बाई तिची ओळ हळूच झेलायची. आईची जोडीदारीण वारली तेव्हापासून मागे मी बसू लागले. शिकले वगैरे काही नाही. आई ओळ संपवून श्वास घ्यायची, तो ऐकू आला की मी उचलायची. एवढंच माझं शास्त्र.

आई थकायला लागली तसं दादाने मनावर घेतलं, हिचा अख्खा धवला भरून ठेवायचा. मुंबईहून चांगला माईक मागून आणला. पण आई कसली ऐकते! नवरानवरी नसताना धवला गाणं अशुभ. दादा हट्टी, आई त्याच्याहून हट्टी. शेवटी तोड तिनेच काढली. ओटीवर दोन नारळ पाटावर बसवले, त्यांना हळद लावली, मुंडावळ्या बांधल्या आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या नारळांचं लग्न तिने साग्रसंगीत लावलं. मागे बसून मला हसू आवरेना आणि आई डोळे वटारत होती. सगळं झाल्यावर दादा म्हणाला, आणखी एकदा घेऊ. आई म्हणाली, "लागलेलं लगीन परत लावतात व्हय रं?" विषय संपला. पुढच्या दिवाळीआधी ती गेली.

मग तो धवला सगळ्यांनाच हवा झाला. आमच्या हळदीला लाव, आमच्या मोबाईलवर पाठव. मूळ फाईली अवाढव्य, कुणाच्या फोनवर जाईनात. दादाने त्यांच्या बारीक एमपीथ्री केल्या आणि त्या गावभर गेल्या, मुंबईला गेल्या, कुणाच्या जावयाकडे दुबईलाही गेल्या. भोंग्यावर तसूभर फरक कळत नव्हता. म्हणून ऐन लग्नसराईत डिस्क भरली तेव्हा त्याने मोठ्या फाईली पुसल्या आणि तिथे हळदीची गाणी भरली. आहे तेच दोनदा कशाला ठेवायचं? त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं.

काही वर्षांनी त्याने भारीतला हेडफोन आणला आणि पहिल्यांदाच निवांत आईला ऐकायला बसला. मला फोन केला. म्हणाला, "बाय, यात तू न्हायस."

मला वाटलं थट्टा करतोय. पण फाईल बारीक करताना मोठ्या आवाजाखालचे हलके आवाज गाळले जातात म्हणे. माझा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा झाला होता. आईच्या बांगड्या फोडणीसारख्या चरचरत होत्या. आणि तिचा श्वास... तो कुठेच नव्हता. पुसलेलं परत मिळवायला पनवेलला एका दुकानात डिस्क नेली. तिच्यावर इतकी गाणी चढली-उतरली होती की त्या माणसाने हात जोडले.

तेव्हापासून दादाचं चित्त उडालं. फोनवरची गाणी लावणार नाही म्हणून गिऱ्हाइकांशी भांडायचा. लोक हसायचे, चंदूशेटच्या कानात भूत शिरलंय म्हणायचे. धंदा मुलाने हातात घेतला. पण खरा घाव पुढेच होता. गावच्या मुली धवला शिकल्या त्या त्याच बारीक फाईलवरून, बिचाऱ्या हौसेने, अगदी घोटून. माझ्या भाचीच्या लग्नात त्या उभ्या राहून गायल्या, ओळीला ओळ चिकटवून, सगळ्या एका आवाजात. उसंत नाही, मागून झेलणारं कुणी नाही. दादा मंडपातून उठून गेला. मी नंतर त्यांना शिकवायला बसले, तर एक म्हणाली, "पन आत्या, फाईलमंदी असं न्हाय." कपाळ माझं!

शेवटची भेट त्याच्या खोलीत झाली. माईक मांडून तो माझी वाटच बघत होता. आईची फाईल मी हेडफोनमध्ये ऐकायची, मागून झेलायचं, तो माझा आवाज भरून घेणार आणि नंतर दोन्ही जोडणार. निदान जोडीचा धवला तरी उरेल, म्हणाला. मी बसले. आईची ओळ संपली, मी श्वासाची वाट बघत राहिले, तोवर पुढची ओळ आली. पुन्हा लावलं. या वेळी घाईने उचलायला गेले, तर आईच्या अंगावरच पडले. तीच आई, तीच ओळ, आणि मला शिरायला जागा सापडेना. दादा डोळे मिटून ऐकत होता. मी चिडले, रडकुंडीला आले, पुन्हा लाव म्हणत राहिले. अखेर त्याने यंत्रावरचा हात काढला.

"राहूदे, बाय. आता न्हाय जमायचं."

पुढच्या रविवारी बघू म्हणून मी दटावलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तो रविवार आलाच नाही.

त्या शेवटच्या भेटीत भरून घेतलेलं त्याने काहीच पुसलेलं नाही. परवा भाचा म्हणाला, आत्या, बारीक करून तुझ्या फोनवर टाकतो. मी अशी ओरडले की वहिनी चुलीपुढून धावत आली. ऐकायचं तर मला तळ्याहून गाड्या बदलत यावं लागतं, दादाच्या खाटेवर बसून तो जड हेडफोन कानाला लावावा लागतो. आई त्यात नाहीच, ती फक्त माझ्या कानात वाजत होती. मी आहे, भलत्याच ठिकाणी उचलणारी. आणि माझ्या प्रत्येक चुकीनंतर दादाचा श्वास आहे, घरघरणारा, अडकणारा, अख्खाच्या अख्खा.