थेट विचारलं तरच

...तर समुपदेशनाच्या वर्गातल्या त्या चौदाव्या उमेदवाराने खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला, खुर्ची पुन्हा मागे ओढली आणि विचारलं, "काका, मनात काही... तसं येतं का?"

"तसं म्हणजे कसं?" काका म्हणाले.

"म्हणजे तसं हो. तसलं काही."

"तसलं बरंच येतं. परवा भिंतीला रंग काढायचं आलं होतं."

उमेदवाराच्या कपाळावर घाम. "नाही, म्हणजे जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं, असं?"

"बरं की वाईट? एक काय ते ठरवा, म्हणजे मला उत्तर देता येईल."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. उमेदवाराने घाईघाईने तक्त्यातल्या हिरव्या चौकोनात 'जोखीम: कमी' अशी खूण केली, काकांचा हात हातात घेऊन "काळजी घ्या हं" म्हणाला आणि जागेवर जाऊन घटाघटा पाणी प्याला. आणि काका, कागदोपत्री ठणठणीत असताना, त्या दिवशी चौदाव्यांदा मेले.

मेले म्हणजे नियमाप्रमाणे मेले. माणूस धडधाकट होता. एकतीस वर्षं एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, आणि नट अडखळला की पुढचा शब्द असा कुजबुजायचा, की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला पत्ता लागू नये. सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ, स्वतःचं म्हणून एक नाही. कंपनी बंद पडली तेव्हा समुपदेशकांना शिकवणाऱ्या एका केंद्राने त्यांना खोटा पेशंट म्हणून बोलावलं. बातमी ऐकून बायको हसत हसत भिंतीला टेकली. "पेशंट तर तुम्ही पहिल्यापासूनच आहात. त्यात खोटं काय?" तेव्हापासून नाव पडलं पेशंटकाका.

काम सोपं होतं. एकटा पडलेला, निवृत्त माणूस व्हायचं. आपण होऊन दोनच गोष्टी सांगायच्या. एक, "माझी सायकल पुतण्याला देऊन टाकली." दोन, "गेल्या आठवड्यापासून फार हलकं वाटतंय." आणि कागदाच्या तळाशी ठळक अक्षरांत: 'थेट विचारलं तरच सांगायचं. आडून विचारलं तर आडूनच बोलायचं. न विचारल्यास पेशंट दगावला असे समजावे.'

सायकलीचं ऐकून उमेदवारांचे चेहरे खुलायचे. "वा! किती दिलदार हो तुम्ही!" एकाने तर गिअरची होती का विचारलं. आणि 'हलकं वाटतंय' म्हटलं की सगळे एकजात मान खाली घालून लिहायचे: 'सुधारणा.' खाली दोन रेघा.

शिकवणाऱ्या मुख्य बाई म्हणजे आणखी वेगळंच प्रकरण. पडद्यावर लाल, पिवळा, हिरवा तक्ता लावून, हातातली काठी आपटत त्या बजावायच्या, "लक्षात ठेवा, तो प्रश्न थेट विचारायचा. थेट!"

"कोणता, मॅडम?" एखादा नवखा विचारायचा.

"तोच. पुस्तिकेत पान चौदा."

सहा वर्षांत पान चौदावरचा तो प्रश्न बाईंच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. उमेदवारांपैकी मोजून तिघांनी तो विचारला. तेव्हा काय झालं? बाईंनी घंटा वाजवली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. काका तोंड उघडून बसले होते, उत्तराची कोणाला गरजच पडली नाही. उत्तर आल्यावर काय करायचं ते पान पंधरावर होतं, आणि ते पान सगळ्यांच्या पुस्तिकांत नव्या नोटेसारखं कडक होतं.

घरी आले की काका एकेका उमेदवाराची नक्कल करून दाखवायचे. चौदाव्याची तर इतकी रंगली, की बायकोच्या हातातली धुतलेली उशीची खोळ खाली पडली.

"हसा, हसा त्यांना," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही जन्मात कोणाला काही सरळ विचारलंय का? लग्नाचं विचारायला माझ्या भावाला पाठवलंत. तो पोरगा तरी बरा. आला आणि एका दमात म्हणाला, ताई, तो विचारतोय, करतेस का?"

काकांनी विषय बदलला. त्यात मात्र ते पटाईत.

बायकोचा हा धाकटा भाऊ घड्याळजी होता, म्हणून घरात त्याला टिकटिक म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावर एकटाच राहायचा, खिडकीशी टेबल टाकून घड्याळं उघडायचा. वर्षभरापासून हात थरथरायला लागले आणि काम बंद पडलं.

"जरा जाऊन या त्याच्याकडे," बायको म्हणाली. "माझं घड्याळ मागे पडतंय म्हणावं. फोनवर फार गोड बोलतोय हल्ली. तो गोड बोलणारा आहे का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी काका गेले. टिकटिकचं टेबल चाळीस वर्षांत प्रथमच स्वच्छ होतं. भिंतीवर नुसते तीन खिळे.

"घड्याळं कुठे गेली रे?"

"शेजाऱ्यांना दिली, भाऊजी. चिमटे खालच्या चावीवाल्याला. आणि हे तुम्हाला." त्याने डोळ्याला लावायचं भिंग काकांच्या तळहातावर ठेवलं. "पेपर वाचायला होईल."

"वा! काय दिलदार माणूस आहेस रे!"

"हल्ली फार हलकं वाटतंय, भाऊजी."

"छान, छान," असं म्हणून काका बायकोचं घड्याळ दाखवायचंही विसरले आणि जिना उतरायला लागले.

पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांचा हात खिशात गेला आणि भिंग बोटांना लागलं. दिलदार. हा शब्द कोणाच्या तोंडचा, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते पायरीवर बसले. काल ज्याची नक्कल करून बायकोला हसवलं, तो चौदावा उमेदवार आज त्यांचाच शर्ट घालून जिन्यात बसला होता. फरक एवढाच, की कागदावरचा पेशंट दगावला तरी संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. वरचा माणूस कागदावरचा नव्हता.

ते उठले आणि परत वर गेले.

"काय राहिलं, भाऊजी?"

"छत्री."

"छत्री आणलीच नव्हती तुम्ही."

"हो का? मग... तुझा नळ गळतोय वाटतं."

"नाही गळत."

"उत्तम, उत्तम." असं म्हणून काका बसले आणि पाऊण तास नळांवर बोलले. वायसर कसा बसवावा, जुने नळ कसे दणकट, शेजारच्याचा नळ कसा रात्रभर ठिबकतो. टिकटिक हूं हूं करत राहिला. मध्ये एकदा धीर करून काका म्हणाले, "मनात काही..."

"काय?"

"मनात काही धरू नकोस म्हटलं."

दहा मिनिटांनी पुन्हा. "जिवाचं..."

"जिवाचं काय?"

"जिवाला जप."

बाई असत्या तर त्यांनी भोपळा दिला असता, आणि काकांनी तो मान खाली घालून घेतला असता. मग एकदाचा प्रश्न बाहेर पडला, पण एकतीस वर्षांची सवय! पडला तो कुजबुजत.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं," टिकटिक म्हणाला.

काकांनी खिशातलं भिंग काढलं, टेबलावर त्याच्यासमोर ठेवलं आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"

खाली चावीवाल्याचं मशीन घरघरत होतं, ते थांबलं. टिकटिकने भिंग बोटाने थोडं पुढे सरकवलं.

"हो," तो म्हणाला. मग खिडकीकडे बघून, "हळू बोला की, भाऊजी. खाली ऐकतील."

"ऐकू देत. त्या चावीवाल्याकडून तुझे चिमटेही परत आणायचेत."

टिकटिकच्या तोंडून हसल्यासारखा काहीतरी आवाज निघाला आणि अर्ध्यातच मोडला. काका नकळत कान टवकारून बसले, आता घंटा होईल म्हणून. घंटा कुठली व्हायला? टिकटिक करायला भिंतीवर घड्याळही उरलं नव्हतं.

टिकटिकने नाक पुसलं आणि विचारलं, "तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. आता पुढे काय असतं, भाऊजी?"

"पुढे घंटा वाजते, बाई टाळ्या वाजवतात आणि सगळे फोटोला उभे राहतात. त्याच्यापुढचं मला पाठ नाही रे. संध्याकाळी डॉक्टर बसले की आपण दोघं जाऊ. तोवर तू बोल, मी इथून हलत नाही."