बाटली तीच होती, तर्री मी काढायला लावली

फ्रेंच पाहुण्याने एक घास घेतला, वर वाइनचा एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवून पाणी मागितले. चेहरा लालबुंद झाला होता. वाळूजच्या एका कंपनीने परदेशी पाहुण्यांसाठी आमच्या पडेगावजवळच्या हॉटेलात दुपारचे जेवण ठेवले होते. मी बँक्वेट मॅनेजर. पुण्याहून आलेला रोहन सोमेलिए, म्हणजे वाइन निवडून वाढणारा तज्ज्ञ. नवे रेस्टॉरंट आम्हा दोघांपैकी कोणाकडे सोपवायचे, हे आमचे जनरल मॅनेजर, म्हणजे जीएम, त्या जेवणावरून ठरवणार होते. जीएम मला ‘काका’ म्हणत आणि त्याला ‘रोहन सर’. यावरून काय ते समजावे.

हॉटेलातले जुने सहकारी आजही सांगतात, “रोहनने ऐन वेळी वाइन बदलली म्हणून जेवण वाचले.” हे साफ असत्य आहे. वाइन बदललीच नव्हती.

ती वाइन होती बोजोले. फ्रान्समध्ये बरगंडीच्या दक्षिणेला, लिऑन शहराच्या वरच्या अंगाला टेकड्यांचा एक प्रदेश आहे, त्याचेच हे नाव. गामे जातीच्या द्राक्षांची ही रेड वाइन हलकी असते. तिच्यात टॅनिन कमी, म्हणजे कोरा चहा फार उकळल्यावर जिभेवर बसतो तो तुरटपणा कमी. म्हणून ती किंचित थंड करून देतात. कोंबडी, सॉसेज, मऊ चीज यांच्याबरोबर शोभते. बोर्दोची भारदस्त रेड तिखटाबरोबर कडवट लागते. रोहनने आमच्या नान-खलियासाठी, म्हणजे नान आणि मटणाच्या झणझणीत रश्श्यासाठी, बोजोले निवडली. निवड उत्तम होती, हे मी कधीही नाकारलेले नाही. तेच तर मला झोंबत होते.

“काका, वाइन चुकली वाटतं,” जीएम कुजबुजले.

रोहनला घाम फुटला होता. “बाटली चांगली आहे, सर. मी चाखली होती. दुसरी उघडू का?”

“बाटलीला हात लावू नका,” मी म्हणालो. “ताटाकडे बघा.”

ताटात खलिया दिसतच नव्हता. वर लालभडक तेलाचा थर. आपल्याकडे देगेतली वरची तर्री मानाच्या पाहुण्याला वाढतात. आमचे खानसामे यासीनभाई खुलताबादच्या दावतींत मुरलेले. त्यांनी सगळी तर्री प्रेमाने फ्रेंचांच्या ताटात ओतली होती. इतक्या तिखटावर वाइनमधले अल्कोहोल दुप्पट जाळते आणि फळाची चव नाहीशी होते.

मी किचनमध्ये गेलो. “यासीनभाई, तर्री काढा. खालचा रस्सा वाढा.”

“क्या बात करते साहेब! मेहमान को तर्री नक्को? गावात कळलं तर लोक माझ्या हातचं खाणार नाय!”

“वेगळ्या वाटीत द्या. ज्याला हवी तो घेईल.”

“तर्री काय चटणी हाय का, वाटीत द्यायला?”

“आज आहे.”

पुटपुटत का होईना, त्यांनी डावाने तर्री बाजूला काढली. ताटे बदलली. रोहनने त्याच बाटलीतून पुन्हा वाइन ओतली. पाहुण्याने घास घेतला, घोट घेतला, भुवया उंचावल्या आणि ग्लास पुढे केला.

“ही निवड कोणाची?” त्याने विचारले.

जीएमनी रोहनकडे हात केला. रोहन अदबीने झुकला. मी त्यांच्या मागे उष्टी ताटे उचलत होतो.

संध्याकाळी रोहन आला. “काका, तर्रीचं मी सरांना सांगणार आहे.”

दुसऱ्या दिवशी मी विचारले, “सांगितलंत?”

“वेळच नाही मिळाला, काका.”

रेस्टॉरंट त्याला मिळाले. तिथे आजही खलियाबरोबर तर्री वेगळ्या वाटीत येते आणि मेनूवर बोजोलेसमोर ‘सोमेलिएची शिफारस’ असे छापलेले असते. मी हे मत्सराने बोलतो, असे लोक म्हणतात. मत्सर वाटतोच, पण मत्सर वाटणारा माणूस खोटे बोलतो, असा नियम नाही.

आमच्या धंद्यात पाहुणा दाद देताना समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहतो. श्रेय हवे असेल त्याने त्या क्षणी ताटे उचलू नयेत.